एका तिकिटात दोन तिकिटे

निगडी प्राधिकरणातल्या ताईच्या घरी त्या रविवारी आम्ही सगळे जमलो होतो ते दाजींची प्रकृती विचारायला. दोन स्टेंट बसवून ते चार दिवसांपूर्वीच घरी आले होते. चेहरा उतरलेला, पण बोलणे नेहमीसारखे खणखणीत. डॉक्टरांनी तीन महिने लांबचा प्रवास करायचा नाही म्हणून बजावले होते. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात सतरा दिवसांनंतरच्या एका तारखेभोवती लाल शाईने गोल काढलेला होता. भाचा जर्मनीत नोकरीला, सून पहिलटकरीण. डिंक, अळीव, बाळंतशेपा यांच्या पुड्या वजन करून बॅगेत भरून तयार होत्या.

"पैशांची काळजी करू नका," दाजी म्हणाले. "परतीच्या तिकिटाला मी माणशी तेरा हजार जादा मोजलेत. ते रद्द होणारं आहे. गेलं तर जायचंच गेलं."

पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षे खरेदी विभाग सांभाळलेला माणूस. करारातली ओळन् ओळ वाचून सही करणारा. त्यांच्या बोलण्यावर कुणी शंका घेण्याचे कारण नव्हते. भाच्याने तिकडून फोनवर एजंटला जोडून घेतले आणि फोनचा आवाज मोठा केला.

"काका, तुमचं तिकीट कॉम्बिनेशनचं आहे," एजंट म्हणाला. "जाताना सेव्हर, येताना फ्लेक्स. एकत्र केलं की कडक नियम लागतो. फक्त टॅक्स परत येईल."

दाजी काही बोलले नाहीत. ताई उठून आत चहा ठेवायला गेली.

हा प्रसंग एका घरातला असला, तरी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आज अशी घरे शेकड्यांनी आहेत. १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, आणि सातारा, सोलापूर, मराठवाड्याकडून तरुण मुले पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने येथे उतरली. त्यांची मुले इंजिनिअर झाली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज पिंपरीहून चाकणला गेली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत लागली. आता एखाद्या पोराला सहा महिने प्रशिक्षणासाठी स्टुटगार्टला धाडणे, भोसरीतल्या वीस कामगारांच्या कारखान्याच्या मालकाने हॅनोव्हरच्या यंत्रप्रदर्शनाला जाऊन येणे, यात कुणाला नवल वाटत नाही. त्या पोराचे आईबाप विमानाने त्याच्याकडे जातात, हेही आता नवे राहिलेले नाही.

नवे आहे ते तिकीट. पूर्वी कंपनी परदेशी पाठवायची तेव्हा कार्बन लावलेल्या पातळ पानांचे पुस्तक हातात मिळे. एकेका उड्डाणाला एकेक पान. विमानतळावर ते फाडून घेत. ते पुस्तक कपाटात दागिन्यांशेजारी ठेवले जाई. नियमांचा विचार करायला कंपनीचा प्रवास विभाग होता. १ जून २००८ पासून जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेने कागदी तिकीट बंद केले. तिकीट संगणकात गेले आणि ते काढायचे काम आपल्या बोटांवर आले. त्याबरोबर नियम समजून घेण्याची जबाबदारीही आपल्यावर आली, हे मात्र कुणी मुद्दाम सांगितले नाही.

तर मूळ मुद्दा असा की, आपण ज्याला तिकीट म्हणतो ते बहुधा एक तिकीट नसतेच. जाऊन-येऊनचा प्रवास असेल तर त्यात दोन भाडी असतात, जातानाचे एक आणि येतानाचे एक. प्रत्येक भाड्याला इंग्रजी अक्षरांची एक खूण असते आणि प्रत्येक खुणेमागे नियमांची लांबलचक वही असते. या वहीची प्रकरणे जगभर साधारण एकाच क्रमाने येतात. दहावे प्रकरण हे भाडे दुसऱ्या कोणत्या भाड्याला जोडता येईल ते सांगते. सोळावे दंडाचे : रद्द केले, तारीख बदलली किंवा विमानाच्या वेळी फिरकलोच नाही, तर काय कापले जाईल ते त्यात असते. परतावा मिळण्याजोगे हे विशेषण म्हणजे त्या एका भाड्याचा गुण आहे. सगळ्या तिकिटाचा तो गुण ठरेल याची हमी नाही. दाजींची गल्लत झाली ती येथे, आणि ती कुणाचीही होईल.

दोन वेगळ्या स्वभावाची भाडी एका तिकिटात आली की सर्वांत कडक असेल त्याचा नियम सगळ्या तिकिटाला लावायचा, ही विमान व्यवसायातली जुनी रीत आहे. एजंट सांगत होता ते हेच. दुधात मिठाचा खडा पडला की सगळे दूध नासते, तसा प्रकार. पण ही रीत सरसकट नाही. काही कंपन्यांच्या सोळाव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेले असते की, परतावा मिळणाऱ्या भागाचे पैसे दंड कापून परत मिळतील आणि न मिळणाऱ्या भागाचे मिळणार नाहीत. म्हणजे प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा. आणखी काही ठिकाणी सगळ्या तुकड्यांमधला सर्वांत मोठा दंड एकदाच कापतात. तीन रिती, आणि तिकिटाच्या छापील कागदावर बहुतेक वेळा यातले काहीच नसते. असते ते "अटी लागू" एवढेच.

त्यात तारीख बदलण्याचा नियम आणि पैसे परत करण्याचा नियम हे दोघे सख्खे भाऊ नव्हेत. येतानाचे भाडे महागातले घेतले तर परतीची तारीख फुकट बदलून मिळण्याची सोय अनेक कंपन्यांत त्या तुकड्यापुरती टिकते. बाळंतपणाला जाणाऱ्या आईला तीच सोय हवी असते, आणि एजंटने ताईला ते भाडे सुचवले तेही त्याच हेतूने. तो खोटे बोलला नव्हता. "फ्लेक्स आहे काका," एवढेच म्हणाला होता. दाजींनी त्यातून पैसे परत मिळतील असा अर्थ काढला.

दुसरी एक गैरसमजूत याहूनही महाग पडते. जाऊन झाले, परत यायचे रद्द झाले, तर निम्मे पैसे परत मिळतील असे आपण धरून चालतो. हिशेब निम्म्याने होत नाही. समजा, जाऊन-येऊन तिकीट सत्तर हजारांचे आहे. आपण गेलो आणि मग परतीचे रद्द केले. कंपनी अनेकदा असे पाहते की, या माणसाने फक्त जाण्याचे तिकीट काढले असते तर त्याला किती पडले असते? ते एकेरी भाडे पंचावन्न हजार असेल, तर ते वजा होऊन उरतात पंधरा हजार, आणि त्यातून दंड जातो. उलट बाजूने केले तर आणखी पंचाईत : पहिले उड्डाण न कळवता सोडून दिले तर पुढची सगळी उड्डाणे आपोआप रद्द होतात. मुंबईहून बसायचे ठरले म्हणून पुण्याहून निघणारा पहिला तुकडा सोडून देणाऱ्याला सहारच्या खिडकीवर "तुमचे नाव यादीत नाही" असे ऐकावे लागते.

मग वेगवेगळी तिकिटे काढलेली बरी, असे कुणी म्हणेल. हल्ली अनेक जण नकळत तेच करतात. मोबाइलवर जाऊन-येऊनचा एक आकडा दिसतो, आपण पैसे भरतो, आणि आत दोन कंपन्यांची दोन एकेरी तिकिटे निघालेली असतात. यात एक फायदा निर्विवाद आहे. एकाचा कडकपणा दुसऱ्याला बाधत नाही. प्रत्येक तिकीट आपल्या नियमाने जगते आणि आपल्या नियमाने मरते. पण जिथे एक विमान सोडून दुसरे पकडायचे असते तिथे हीच गोष्ट गळ्याशी येते.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हे सगळ्या देशाने पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोचे वेळापत्रक कोसळले, आणि ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लोहगावलाही प्रवासी सामानावर बसून राहिले. केंद्र सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत सर्व परतावे पुरे करण्याचा आदेश दिला. आता या गर्दीतली दोन माणसे डोळ्यांपुढे आणा. दोघेही पुण्याहून दिल्लीला आणि तिथून युरोपला निघालेले. एकाचा सगळा प्रवास एका तिकिटावर आहे. त्याचा पहिला तुकडा कंपनीने रद्द केला, तर पुढचा प्रवास लावून देण्याची किंवा सगळे पैसे परत करण्याची जबाबदारी कंपन्यांवर येते. दुसऱ्याने दिल्लीपर्यंतचे तिकीट वेगळे काढले आहे. त्याला दिल्लीचे पाच-सहा हजार पुरेपूर परत मिळतील. युरोपच्या कंपनीच्या लेखी मात्र तो गैरहजर प्रवासी. त्याचे विमान वेळेवर सुटले, तो आला नाही, एवढेच त्यांच्या वहीत. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमातही पुढचे विमान चुकल्याची भरपाई त्याच तिकीट क्रमांकावरच्या प्रवाशापुरती आहे.

म्हणून तिकीट हातात आले की तारखेच्या आधी त्याचा क्रमांक पाहावा. नेहमीच्या मोठ्या कंपन्यांचा तो तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात : एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. सगळी उड्डाणे एका क्रमांकावर असतील तर ते एक तिकीट. एका क्रमांकात चारच उड्डाणे मावतात. पाचवे असेल तर लगतचा दुसरा क्रमांक जोडून येतो, आणि ती जोडी मिळून एकच करार मानतात. सहा अक्षरांचा जो आरक्षणाचा संकेत आपण पाठ करतो त्यावरून यातले काही कळत नाही.

रद्द कोणी केले, हा प्रश्नही तेवढाच मोलाचा. आतापर्यंत सांगितलेली कडक-सैल भाड्यांची भानगड आपण रद्द केले तर लागते. कंपनीनेच विमान रद्द केले तर भाडे कोणत्याही जातीचे असो, पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांतले एक द्यावेच लागते. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस लोहगावची धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. त्या दिवसांची स्वस्तातली तिकिटे काढलेल्यांनी घाईघाईने स्वतःच "रद्द करा" हे बटण दाबण्याचे कारण नव्हते. थांबले तर पूर्ण पैसे आणि दाबले तर दंड, असा तो मामला असतो. टाळेबंदीच्या काळात कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी पुढच्या प्रवासाची पत गळ्यात मारली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयाने टाळेबंदीतच काढलेल्या आणि टाळेबंदीतल्याच प्रवासाच्या तिकिटांचे पैसे पुरते परत करायला लावले.

आपण स्वतः रद्द केले तरी हक्काचे काही उरतेच. २०१६ मध्ये महासंचालनालयाने नियम सुधारले, तेव्हा तीन गोष्टी पक्क्या झाल्या. भाडे परत न मिळण्याचे असले तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत करायची. रद्द करण्याचा दंड मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू नये. आणि तिकीट एजंटकडून घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीची, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी. त्यासाठी तीस कामकाजाच्या दिवसांची मुदत त्या वेळी ठरली. २०१९ च्या प्रवासी सनदेत आणखी एक भर पडली : प्रवास सात दिवसांहून लांब असेल तर तिकीट काढल्यापासून चोवीस तासांत ते विनादंड रद्द करता येईल. ही मुदत अठ्ठेचाळीस तास करण्याचा आणि आजारपणासाठी वेगळी सोय ठेवण्याचा मसुदा नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला. परदेशी कंपन्यांना मात्र एक पळवाट म्हणा किंवा सवलत म्हणा, ठेवलेली आहे. परतावा कसा द्यायचा ते त्यांच्या मायदेशाच्या नियमांवर सोडले आहे.

करांच्या रकान्यात एक चोर दडलेला असतो, तोही सांगून टाकतो. "वाय क्यू" किंवा "वाय आर" अशा अक्षरांसमोर बरीच मोठी रक्कम दिसते. ती करांच्या रांगेत बसलेली असली तरी कर नव्हे. तो कंपनीचा अधिभार आहे, आणि भाडे बुडाले की बहुधा तोही बुडतो. "सगळे टॅक्स परत मिळतील" हे ऐकून ज्यांनी पूर्ण रकान्याची बेरीज केली त्यांची निराशा येथे होते.

कारखान्यांच्या या पट्ट्यात आणखी एका प्रकारची जोडाजोडी चालते. कंपनी कामासाठी पाठवते. कामानंतर आठ दिवस स्वतःच्या खर्चाने फिरून यावे असे वाटते. जातानाचे भाडे कंपनीच्या कराराचे, येतानाचे आपण शोधलेले स्वस्त. दोन्ही एका तिकिटात बसवली आणि काम पुढे ढकलले गेले, की कंपनीच्या महागड्या भाड्यालाही स्वस्ताचा कडक नियम चिकटू शकतो. मग हिशेब विभागाचा फोन येतो. अशा वेळी दोन वेगळी तिकिटे काढणेच शहाणपणाचे, जरी थोडे जास्त पडले तरी.

विमानतळच जवळ असता तर यातली निम्मी जोडाजोडी लागली नसती. नवा विमानतळ चाकणजवळ होणार, म्हणून खेड तालुक्यात जमिनींचे भाव वर्षानुवर्षे चढत राहिले. २०१६ मध्ये तो पुरंदरला न्यायचे ठरले. २००८ मध्ये लुफ्तान्साने लोहगावहून थेट फ्रँकफर्टला छोटे विमान सुरू केले होते, तेही राहिले नाही. तेव्हा निगडीहून रात्री अकराला मोटार करून सहार गाठायचे, नाहीतर लोहगावहून दिल्लीचा तुकडा जोडायचा, हे चालूच आहे. असो.

पुन्हा ताईच्या घरी. चहा झाला. दाजी एवढेच म्हणाले, "तो सांगतो तो नियम कुठे लिहिलाय, ते मागव." खरेदी विभागातला माणूस जागा झाला होता. एजंटने आधी टाळाटाळ केली, मग संध्याकाळी दोन्ही भाड्यांच्या सोळाव्या प्रकरणाचा मजकूर पाठवला. सगळी मोठी इंग्रजी अक्षरे, विरामचिन्हे नाहीत, वाचताना धाप लागावी असा. भाच्याने तिकडे आणि आम्ही इकडे ओळीवर बोट ठेवून तो वाचला. अकराव्या की बाराव्या ओळीला सापडले. जोडलेल्या भाड्यांपैकी परतावा मिळणाऱ्याचे पैसे दंड कापून परत, दुसऱ्याचे नाहीत. ही कंपनी तुकड्यातुकड्याने हिशेब करणारी होती. एजंटला वर्षानुवर्षांची सवय. कडक नियम सगळ्याला, असे तो पाठ म्हणत होता.

दाजींच्या चौऱ्याहत्तर हजारांच्या तिकिटात जातानाचे पंचवीस हजार होते, ते गेले. येतानाच्या अडतीस हजारांतून बारा हजार दंड. अकरा हजार कर. म्हणजे सदतीस हजार परत यायचे होते. एजंटने आपले सेवाशुल्क कापायचे म्हटले, ते दाजींनी कुरकुरत मान्य केले. दिल्लीपर्यंतचे तिकीट दुसऱ्या कंपनीचे आणि अगदी स्वस्तातले. त्यातून करांचे काही शे रुपये.

पण खरा प्रश्न पैशांचा नव्हताच, आणि तो चहाच्या वेळी कुणी काढला नव्हता. ताईचे काय? तिने आजवर एकटीने पुणे स्टेशनसुद्धा ओलांडलेले नाही. आणि दाजींना या अवस्थेत टाकून जायचे कसे? ती म्हणत होती, माझेही रद्द करा. दाजी म्हणत होते, पोरीचं पहिलं बाळंतपण आहे, तू जा. मी माझ्या भावाकडे राहतो चाकणला. दोन दिवस हे चालले. शेवटी ताईच म्हणाली, "बरं. पण जाताना दिल्लीत विमान कुठं बदलायचं ते मला कागदावर लिहून द्या."

येथेही एक खाच होती. दोघांचे आरक्षण एका संकेतावर होते, तिकीट क्रमांक दोन. संगणकावर सरळ "रद्द" दाबले असते तर दोघांचेही गेले असते. आधी आरक्षण फोडून दोघांची दोन करायला लावली, ताईचे जागेवर आहे याची खात्री केली, आणि मगच दाजींचे रद्द केले.

ताई गेली. डिंक आणि अळीव पोहोचले. बाळंतशेपाची पुडी मात्र तिथल्या विमानतळावर उघडून बघितली गेली. पैसे खात्यात जमा झाल्याचा संदेश दाजींच्या मोबाइलवर आला तेव्हा बाळ बावीस दिवसांचे होते. पलीकडून ताई त्याला अंघोळ घालताना दाखवत होती, आणि दाजी फोन कपाळाला लावावा इतका जवळ धरून, पाणी जास्त कढत नाही ना, असे तिसऱ्यांदा विचारत होते. तो संदेश त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला.